रोशनीची लिंक उघडली, निघालो मी

स्थळ नाकारलं जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मुलीला नाकारतात, मुलाला नाकारतात. पण लग्न होऊन जमाना झालेल्या, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, पोट सुटलेल्या मामालाच मुलाकडच्यांनी 'यंदा नाही म्हणतो जी' असं कळवलं, हे कुठं ऐकलंय का तुम्ही? नाही ना? मग घ्या चहा हातात आणि बसा. हसायचं असेल ते आत्ताच हसून घ्या. सांगताना मधे कोणी हसलं की माझा धागा तुटतो.

माझं गोंदियाजवळ कुडव्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. वेबसाइट बनवणं मला कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, वहीत उतरवून घ्यायचं, परत लावायचा. असं करत करत शिकलो. आमच्या पोवार समाजाची वधू-वर साइट मी सेवा म्हणून चालवतो. प्रत्येक मुलीला एक पान, प्रत्येक मुलाला एक पान. फोटो, शिक्षण, उंची, मामेकुळ, छंद. सगळं एका साच्यात, नीटनेटकं. एक वेलांटी इकडची तिकडे झालेली मला चालत नाही.

आधी ही साइट फुकटच्या जागेवर होती. पत्ता एवढा लांब, की सांगता सांगता समोरचा फोन ठेवून द्यायचा. म्हणून यंदा तिला स्वतःचं नाव घेतलं आणि सगळी पानं नव्या जागी नेली. आता घर बदललं की माणूस काय करतो? जुन्या दारावर पाटी लावतो, 'आम्ही अमक्या ठिकाणी राहायला गेलो.' वेबसाइटलाही अशी पाटी लावता येते. तिला रिडायरेक्ट म्हणतात. कोणी जुनी लिंक दाबली की ही पाटी त्याला आपोआप नव्या घरी नेऊन सोडते. व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरत असलेल्या लिंका मरू नयेत म्हणून मी जुन्या प्रत्येक दारावर पाटी लावायची ठरवली.

पाटीवरचा पत्ता दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक पूर्ण पत्ता. गाव, वॉर्ड, घर, सगळं. दुसरा अर्धा पत्ता. 'इथून आत, तिसरं घर.' व्हिडिओवाला म्हणाला, दोन्ही चालतात. मी म्हटलं, मग एवढं लांबलचक लिहायचं कायले? आपल्याकडे पूर्ण पत्ता सांगतो कोण? माझ्या दुकानाचा पत्ता कोणी विचारला तर मी सांगतो, 'राईस मिलच्या मागे या.' येतात की लोक! गोंदियात राईस मिली किती आहेत हा विचार काही त्या वेळी डोक्यात आला नाही.

तर मी सगळ्या पाट्यांवर अर्धे पत्ते लिहिले. नव्या साइटवर बसून एकेक तपासला. सगळे बरोबर.

आणि मी पडलो काटेकोर माणूस! एवढ्यावर कसा थांबेन? समजा एखादा वाट चुकलाच, तर त्याला कोऱ्या पानासमोर ताटकळत ठेवणं बरं दिसतं का? म्हणून जुन्या जागी आणखी एक नियम लावून टाकला. ज्याला कुठलंच पान सापडणार नाही, त्याला सरळ 'परिचय' या पानावर न्या.

परिचय कोणाचा? संचालकाचा. म्हणजे माझा.

साचा तोच वापरला होता, वेगळा कोण करत बसणार? नाव, जन्मतारीख, उंची. रंग: सावळा. शिक्षण: बी. ए. छंद: रोजनिशी लिहिणे, भजन ऐकणे. स्वभाव: मनमिळाऊ, थोडा हळवा. शेवटी साच्यात 'अपेक्षा' असा रकाना होता. तो रिकामा सोडणं जिवावर आलं, म्हणून लिहिलं, 'समाजाचे प्रेम मिळावे.' वर स्टुडिओत काढलेला फोटो. निळा पडदा आणि दुसऱ्याचा कोट.

आता रोशनीबद्दल सांगतो. रोशनी माझ्या मोठ्या बहिणीची, रमकलाताईची मुलगी. भाऊजी गेले तेव्हा ही पोर शाळेत होती. ताई तिला घेऊन कुडव्याला आली, आमच्याच गल्लीत. तेव्हापासून तिची अॅडमिशन, तिची सायकल, तिचा चष्मा, सगळं मी पाहिलं. आज ती गोंदियात एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. माझ्या ब्लडप्रेशरची गोळी मी घेतली की नाही, हे माझ्या आधी तिला माहीत असतं.

एक दिवस संध्याकाळी ती दुकानात आली. झेरॉक्सच्या मशीनवर बोटानं रेघा ओढत म्हणाली,

"मामा, दवनीवाड्याचं एक स्थळ आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"असंच. म्हणतात."

"कसं आहे?"

"चांगलं आहे म्हणतात."

एवढं बोलून मान खाली. मी काय समजायचं ते समजलो. आजवर पाच-सहा स्थळं आली. एकदाही पोरीनं 'चांगलं आहे' म्हटलं नव्हतं. माझ्या साइटवर पाहिलं तर मुलाचं पान होतंच. नाव निलेश, शिक्षण शेतीचं, घरचं कृषी केंद्र, धानाची शेती. मामेकुळ जुळत होतं. मनात म्हटलं, ओमप्रकाश, या पोरीनं आयुष्यात तुझ्याकडे स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे. ही जमलीच पाहिजे.

मुलाचे वडील डुलीचंदभाऊ. त्यांना लगेच व्हॉट्सअॅप केलं. 'रोशनीचा परिचय पाठवत आहे. पाहून कळवावे.' खाली लिंक. माझ्या फोनमध्ये हा मजकूर आधीपासून तयार होता, जुन्या लिंकसकट. म्हटलं, जुनी असली म्हणून काय झालं? पाटी लावली आहे ना!

दुसऱ्या दिवशी फोन केला.

"राम राम डुलीचंदभाऊ! पाठवलेलं पायलं का जी?"

"पायलं जी."

"घरी सगळ्यांनी पायलं?"

"सगळ्यांनीच पायलं. शेजारचे पण येऊन पाहून गेले."

मला तर आनंदच झाला. शेजारी बोलावून दाखवतात म्हणजे पसंतच की!

"मग? कसं वाटलं?"

"चांगलं आहे जी. भारदस्त आहे."

भारदस्त? आमची रोशनी? जोराचं वारं सुटलं की मी तिला स्कूटी चालवू देत नाही, इतकी किडकिडीत पोर! म्हटलं, फोटो जवळून काढल्यानं वाटलं असेल.

"फोटोत तसं दिसते जी. प्रत्यक्षात अंगानं बारीक आहे."

"असं का? फोटोत तं तब्येत खासी दिसून राहिली."

"आणि वय पण बरोबर बसते. तुमच्या निलेशपेक्षा दोन वर्षांनी लहान."

तिकडून कोणाला तरी 'टीव्ही बंद कर' म्हटल्याचं ऐकू आलं.

"निलेशपेक्षा?" डुलीचंदभाऊंनी हळूच विचारलं.

"हो ना जी! आता रंग सावळा लिहिला आहे, काही लपवलं नाही. पण चेहऱ्यावर गोडवा आहे. आहे की नाही, सांगा?"

"आहे जी... आहे."

"आणि स्वभाव तं विचारूच नका. लहान लेकरासारखा."

"थोडा हळवा आहे असं लिहून आहे."

मी रोशनीच्या पानावर हळवा लिहिलं होतं? असेल. शेवटी मामाचाच हात. म्हटलं, "होय जी, डोळ्याला लगेच पाणी येते. पण स्वयंपाकात तरबेज!"

"स्वयंपाक पण?" डुलीचंदभाऊंनी मोठा श्वास घेतला. "ओमभाऊ, राग नका मानू. आम्ही आपलं... यंदा नाही म्हणतो जी."

आता हे 'यंदा नाही' म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे स्थळाला तोंडावर 'नको' कोणी म्हणत नाही. 'यंदा करायचं नाही म्हणतो' असं म्हणतात. म्हणजे यंदाही नाही, पुढल्या सालीही नाही आणि दुसऱ्या पोरीसोबत पुढल्याच महिन्यात.

ताईकडे गेलो. रोशनी कणिक मळत होती. कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

बस, 'बरं.' शाळेची सहल होती आणि ताईजवळ तेव्हा पाठवायची सोय नव्हती, तेव्हाही ती असंच 'बरं' म्हणाली होती. घरी येऊन जेवायला बसलो, पण घास गिळेना. बायकोनं, सुनंदानं विचारलं, "का झालं जी?" मी म्हटलं, "मीठ जास्त आहे." ती म्हणाली, "अजून मीठ टाकलंच नाही."

ताई सांगायची, रोशनी डबा तसाच परत आणते. मला तिच्याकडे पाहवेना. दोन-तीन दिवसांनी तीच दुकानात आली.

"मामा, तुम्ही एकदा दवनीवाड्याला जाऊन या ना."

"नकार आल्यावर मुलीकडच्यांनी जायचं नसते बेटा. हलकं दिसते."

"मग लग्नाचं बोलूच नका. त्यांचं कृषी केंद्र आहे ना? बियाणं पाहायला जा."

"बियाणं? माझ्याजवळ अंगणात एक तुळस आहे."

"मामा," ती म्हणाली आणि चष्मा काढून ओढणीला पुसायला लागली, "हे काम तुमच्याशिवाय कोणी करू शकणार नाही."

सांगा आता! असं म्हटल्यावर कोण थांबेल? मी दुकानाचं शटर ओढलं, सुनंदाला गाडीवर मागे बसवलं आणि निघालो.

दवनीवाड्याला डुलीचंदभाऊ दारातच भेटले. मला पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू भिंतीवरचं कॅलेंडर उतरून चालत आलं. "या जी, बसा," म्हणाले आणि लगेच आत गेले. मग त्यांची बायको, फुलवंताबाई, पाणी घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलं. ट्रे तसाच स्टुलावर ठेवून पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आतून आवाज आला,

"अवो, आले ना! फोटोतले! खुद्द आले!"

थोड्या वेळात आवारभिंतीपलीकडे दोन बायका उभ्या राहिल्या. मग चार झाल्या. सगळ्या माझ्याचकडे पाहत होत्या. वरून खाली, खालून वर. सुनंदा माझ्या कानाशी म्हणाली, "अजी, या बाया तुम्हालेच काऊन पाहून राहिल्या?"

त्यातली एक म्हातारी तर फाटकातून आत आली. जवळ येऊन निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आज कोट नाई घातला का बापू?"

मी कोट घालतो हे या म्हातारीला कसं ठाऊक? मी म्हणालो, "बियाणं पाहायला आलो जी. धानाचं."

"किती एकरात लावता?" डुलीचंदभाऊंनी विचारलं.

"सध्या... कुंडीत आहे थोडं."

सुनंदानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात फुलवंताबाई बाहेर आल्या आणि सरळ समोर बसल्या. आमच्याकडच्या बाया पुण्यामुंबईसारखं घुमवून-फिरवून बोलत नाहीत. पोटात आहे ते ओठावर.

"भाऊ, तुम्ही बियाण्यासाठी आले नाई, हे मले समजते. तं मी पण सरळच सांगते. तुम्ही पोरीच्या नावानं सोताचा फोटो काऊन पाठवला?"

"मी? माझा फोटो?"

"हो! पोरीच्या जागी मामा. मामाचीच उंची, मामाचेच छंद. ज्या घरी पोरीच्या आधी मामा उभा राहते, त्या घरी पोरीले कोण विचारत असन? उद्या आमच्या घरात पण तुम्हीच उभे राहाल. म्हणून नाई म्हटलं. पोरीले नाई म्हटलं नाई. तुमाले म्हटलं."

"आणि वरून मले फोनवर म्हणते," डुलीचंदभाऊंना आता राहवलं नाही, "निलेशपेक्षा दोन वर्षांनी लहान! अंगानं बारीक! मी म्हटलं, देवा, हा माणूस सोताचीच तारीफ करून राहिला, आणि ती पण खोटी!"

भिंतीपलीकडे एकच हशा पिकला.

मी म्हणालो, शक्यच नाही. माझ्या पाट्या मी स्वतः तपासल्या आहेत. माझ्या फोनवर नवी साइट उघडून दाखवली. रोशनीचं पान! पाहा! मग डुलीचंदभाऊंनी त्यांच्या फोनवर माझा मेसेज काढून लिंक दाबली. आणि निळ्या पडद्यासमोर, दुसऱ्याच्या कोटात, समाजाच्या प्रेमाची अपेक्षा करत, मी!

परत दाबली. परत मी.

म्हातारीनं फोन घेऊन दाबली. तिलाही मीच.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पाटीवर लिहिलं होतं, 'इथून आत, तिसरं घर.' पण 'इथून' म्हणजे कुठून? मी नव्या साइटवर उभा राहून तपासत होतो. तिथून तिसरं घर रोशनीचंच होतं. हे लोक मात्र जुन्या लिंकवरून, म्हणजे जुन्या घरापासून निघाले. तिथून तिसरं घर शोधलं, तर तिथं सगळं रिकामं! आणि वाट चुकलेल्यांना कुठं न्यायचं, ते मी माझ्याच हातानं लिहून ठेवलं होतं.

"म्हणजे नुसतं 'राईस मिलच्या मागे' सांगण्यासारखं झालं," मी म्हटलं. "कोणती मिल, ते सांगितलंच नाही."

"घरी पण असंच आहे," सुनंदा फुलवंताबाईंना सांगायला लागली. "चष्मा कुठं आहे विचारलं तं म्हणते, 'इथंच बाजूला.' कोणाच्या बाजूला जी? तुम्ही तोवर झेरॉक्सच्या दुकानात पोचलेले!"

आणि मंडळी, आणखी एक गोष्ट तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या लक्षात आली. पाट्या काही एकट्या रोशनीच्या नव्हत्या. त्या आठवड्यात समाजातल्या ज्या ज्या मुलीची जुनी लिंक कोणी उघडली असेल, तिथं तिथं मीच निघालो असणार! मी समजत होतो, लोक धानाच्या मळणीत आहेत म्हणून फोन येत नाहीत.

फुलवंताबाईंनी माझा फोन हातात घेतला. रोशनीचा फोटो बराच वेळ पाहिला. बोटांनी मोठा करून पाहिला.

"पोरगी तं साजरी आहे वो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "रविवारी येतो पाहायला. पण भाऊ, तिथं पोरगीच बोलन. तुम्ही नाई."

मी मान डोलावली. त्या बाईंचा मला राग आला नाही, खरं सांगतो. रोशनीच्या सायकलचा रंग मी ठरवला होता. चष्म्याची फ्रेमही मीच. तिला विचारलं होतं का? आठवत नाही. म्हणजे नसेलच विचारलं.

घरी आल्याबरोबर पाट्या दुरुस्त करायला बसलो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आता अर्धा पत्ता नाहीच! गाव, वॉर्ड, घर, सगळं लिहिणार. पूर्ण पत्ता नीट उतरवून घेतला, एक एक अक्षर ताडून पाहिलं. जुन्या लिंका पुष्कळ होत्या, म्हणून म्हटलं, सगळ्यांना मिळून एकच नियम लावून टाकू. लावला. रोशनीची जुनी लिंक दाबली. रोशनी! चार वेळा दाबली, चारही वेळा रोशनी. समाधानानं चहा प्यालो.

सकाळी पहिला फोन आमगावचा.

"ओमभाऊ, ती तिरोड्याची पोरगी आमाले पसंत आहे जी!"

"वा! कोणती?"

"ती चष्मेवाली."

तिरोड्याची मुलगी चष्मा लावत नाही. म्हटलं, लावला असेल नवीन. फोन ठेवतो तोच दुसरा. त्यांनी सालेकसाची मुलगी पाहिली होती. चष्मेवाली. पसंत. मग एका मुलीचे वडील, चांगलेच तापलेले. "अजी, माझ्या पोरीच्या नावावर ही दुसरीच पोरगी काऊन बसली? माझी पोरगी कुठं गेली?" आणि त्यानंतर शहरातले एक गृहस्थ. "भैया, हमने तो लड़का देखने के लिए लिंक खोली थी. लड़की निकली. लेकिन लड़की बहुत अच्छी है."

कळलं ना काय झालं ते? पूर्ण पत्ता लिहिला होता मी, अगदी बिनचूक. पण तो रोशनीच्या घरचा! आणि एकच नियम सगळ्या दारांना! आता कोणत्याही मुलीला शोधा, मुलाला शोधा, सगळ्यांना हात धरून रोशनीकडेच. काल अख्ख्या समाजाला मी दिसत होतो, आज रोशनी दिसत होती.

मी हातातलं सगळं टाकून नियम काढला आणि एकेका दारावर ज्याचा त्याचा पूर्ण पत्ता लिहायला बसलो. निम्मे झाले असतील, तेवढ्यात दुकानासमोर जीप थांबली. आतून फुलवंताबाई उतरल्या. मागून डुलीचंदभाऊ, मागून निलेश. रविवारला अजून वेळ होता! म्हटलं, यांना कळलं. एकच पोरगी साऱ्या जिल्ह्याला दाखवून राहिला म्हणून भांडायला आले. जमत आलेलं स्थळ मीच दुसऱ्यांदा मोडलं.

"भाऊ!" फुलवंताबाई कडाडल्या. "आमगावचा माझा सख्खा भाऊ सकाळी फोनवर म्हणते, आमच्या पोरासाठी पोरगी पक्की होऊन राहिली. चष्मेवाली, औषधाच्या दुकानात आहे!"

"ताई, ते माझ्याच हातून..."

"तुमच्या हातून का झालं ते मले नोका सांगू. रविवारपर्यंत थांबलो तं पोरगी जाईन ना हातची! हे पाहा, नारळ आणला. चला, कुठं आहे घर?"

मी पूर्ण पत्ता सांगितला.

ताईकडे पोहे झाले, चहा झाला. सगळं रोशनीनंच बोलायचं असं ठरलं होतं, म्हणून मी तोंडात पोहे भरून ठेवले होते. फुलवंताबाईंनी विचारलं, लग्नानंतर नोकरी करशील का. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. घास गिळायच्या आत रोशनी म्हणाली, "करीन. आणि दवनीवाड्याला औषधांचं स्वतःचं दुकान टाकीन म्हणते." मला हे माहीतच नव्हतं! डुलीचंदभाऊ म्हणाले, "कृषी केंद्राच्या बाजूचा गाळा रिकामा आहे बेटा." नारळ रोशनीच्या ओटीत पडला. ताईनं डोळे पुसले. मीही पुसले. तो हळवेपणा काही खोटा लिहिला नव्हता.

बाकीची मोठी माणसं तारखेचं ठरवायला आत गेली. ओसरीवर मी, सुनंदा आणि ही दोघं. मी आपला जावयाशी बोलायला विषय काढला. "निलेशराव, आता लिंक बरोबर उघडते. पाहा कधी."

"मी त्याच दिवशी म्हटलं होतं मामाजी, लिंक चुकली असन म्हणून. आई म्हणाली, तुले एवढा पुळका काऊन? मग गप्प बसलो."

"शाबास! पण तुम्हाला कसं वाटलं, की चुकली?"

निलेशचे कान लाल झाले. रोशनी रिकाम्या कपबशा उगाच परत लावायला लागली.

"रोशनी," मी म्हटलं, "तू यांना ओळखतेस?"

"दुकानात येतात ना मामा. ओआरएस न्यायला."

"दवनीवाड्यात ओआरएस मिळत नाही?"

"मिळते मामा."

माझ्या डोक्यात पाट्या एकेक करून लागत होत्या.

"म्हणजे तुझ्या लिंकवर माझा फोटो निघते, हे तुला..."

"त्याच दिवशी कळलं. यांनी पाठवला मला."

"मग सांगितलं काऊन नाही? दुकानात बसल्या बसल्या दुरुस्त केलं असतं मी!"

"तेच ना," रोशनी म्हणाली. कपबशा खाली ठेवून ती माझ्याजवळ येऊन बसली. "लिंक दुरुस्त झाली असती. पण यांच्या आईंचा नकार लिंकला नव्हता ना मामा. तो तुम्हाला होता. फोटो पाहून त्यांना वाटलं, मामा गर्विष्ठ असन. मला वाटलं, एकदा तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलं, पाच मिनिटं बोलताना ऐकलं, की हा गैरसमज आपोआप जाईन. तुमच्यावर रागावून कोणी किती वेळ राहते?" मग हळूच म्हणाली, "तरी भीती वाटत होती. डबा खरंच जात नव्हता."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण माणूस स्वभावाला काय करणार? जरा सावरून म्हणालो, "तरी पोरी, तू मोठा धोका पत्करलास. समज, मी गेलोच नसतो तर?"

"त्याची काळजी नव्हती. मी मामींना विचारलं होतं."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पोह्यांच्या ताटलीत शेव उरली आहे का, ते शोधत होती.

"माझ्याकडे का पाहता?" ती म्हणाली. "तिनं विचारलं, मामा नाही म्हणाले तं का करू? मी सांगितलं, कायले घाबरतेस? नुसतं म्हण, हे काम तुमच्याशिवाय कोणी करू शकणार नाही. पुढचं ते सोताच करते."

खरं आहे मंडळी. त्या दिवशी दवनीवाड्याच्या अर्ध्या रस्त्यात गाडी बंद पडली होती. निघायच्या घाईत मी पेट्रोलसुद्धा पाहिलं नव्हतं.